कोपरभर ओल

एका राज्यात सात वर्षे पाऊस येई, पण जमिनीत उतरत नसे. मृगाची सर कोसळे, पावशा पक्षी "पेरते व्हा" म्हणे आणि लोक घाईघाईने पेरणी उरकत. मग चाळीस दिवस आभाळ कोरडे. माती उकरावी तो बियाची नुसती टरफले, आतला दाणा कुणी खाल्लेला. पावशा मात्र दरसाल फुगत घारीएवढा झाला होता.

दोष राजा विंध्यसेनाचा. पहिल्या सरीला पेरणीची दवंडी पिटू नको, आधी मातीत कोपरापर्यंत हात घालून ओल पाहा, असे एका मांत्रिकाने सांगितले, तेव्हा हा शहाणा हसला. मांत्रिकाने शाप दिला. पावशा तीनदा हाक मारील. तिन्ही वेळा जो ओ देणार नाही, त्याचेच बी उगवेल. सात वर्षांत ते कुणालाच साधले नाही.

आठव्या वर्षी राज्यात बियाची ज्वारी उरली एकच मडके. ते राखणाऱ्या हौसाईची लेक चिमी उपाशी मेली होती, तरी तिने बियाला हात लावला नव्हता.

पहिली सर आली. बांधावर उभ्या राजाचे ओठ मिटलेले, आणि पावशा राजाच्या आवाजात म्हणाला, "पेर." हौसाईने मातीत हात घातला. ओल बोटाच्या पेराएवढी. ती गप्प राहिली.

दुसऱ्या सरीला पावशा तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात बोलला. ओल मनगटाशी संपली, खालची माती तव्यासारखी तापलेली. राजाचा धीर सुटला, हात तलवारीकडे गेला.

"महाराज, मान घ्या, पण मडकं मागू नका," हौसाई म्हणाली.

तिसऱ्या सरीला पावशा मडक्यावरच येऊन बसला.

"आई, भूक लागली. पेर ना गं."

आवाज चिमीचा होता. हौसाईचा हात मातीतच होता. कोपराच्या चार बोटे अलीकडे ओल संपली होती. तिने पदर तोंडात कोंबला. ती ढसाढसा रडली, पण ओ दिली नाही. तेव्हा पावशाच्या चोचीतून सात वर्षांचे दाणे घळघळा सांडले आणि तो मुठीएवढा होऊन उडून गेला.

मग हाकेवाचून पाऊस आला. तीन दिवस संथ पडला. हौसाईचा हात कोपरापर्यंत गेला, माती गार लागली. बैल उरले नव्हते, म्हणून राजाने तिफण स्वतःच्या खांद्यावर घेतली. हौसाईने बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरली, पण सोडीना.

"आता कशाची वाट पाहतेस?" राजाने विचारले.

"हाकेची," ती म्हणाली. "आता ओ देता आली असती."

हाक आली नाही. तिने मूठ सोडली.

पावशाच्या चोचीतून सांडलेले दाणेही पेरले गेले आणि त्या साली घरोघर कणग्या भरल्या. राजा आता दवंडीआधी स्वतः मातीत हात घालतो. पावशा अजूनही तिथे ओरडतो, पण स्वतःच्याच आवाजात.