शेला पांघरून केलेला अर्ज

सोनवडीच्या राजाने विद्यावेतन जाहीर करून नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत ते एकालाही मिळालं नव्हतं!

अटी तीनच होत्या. अर्ज दरबारात येऊन स्वतः करायचा. दरबारात पाऊल टाकायचं तर अंगावर जरीचं वस्त्र हवं. आणि अर्जदार गरजू आहे, असं दरबारातल्याच कोणा मानकऱ्याने लिहून द्यायला हवं. जो ऐकीव बातमीवर साध्या कपड्यांत येई, त्याला पहारेकरी देवडीवरूनच परतवून लावी. जो कुठून तरी जरीचं वस्त्र मिळवून आत शिरे, त्याला राजा दुर्जयराव विचारी, अंगावर जर आहे, मग गरज कसली? दर पाडव्याला राजा मिशीवरून हात फिरवून सांगे, की आमच्या राज्यात गरजू माणूसच उरला नाही. मानकरी माना डोलावत. मानकऱ्यांना दुसरं काम तरी काय असतं?

ही जाहिरात लावली होती कुठे, तर दरबाराच्या आत. म्हणजे जरीवाल्यांनाच दिसेल अशी. लांबरुंद कापडावर रेशमाने अक्षरं भरलेली. समयांची काजळी बसून ती दिसेनाशी झाली, तेव्हा कारभारी त्र्यंबकरावांनी ते कापड महालाच्या धुण्यात टाकलं, आणि ते भिवा परटाच्या घाटावर आलं.

भिवाला सगुणा नावाची एक लेक होती. पंतोजींची धोतरं धुऊन द्यायची आणि त्या बदल्यात अक्षरं शिकायची, असा सौदा तिने लहानपणीच जमवला होता. काजळी निघाली तशी अक्षरं वर आली, आणि सगुणाचे हात थांबले. कुंडलपूरच्या वैद्यशाळेत पाच वर्षं राहणं, जेवणं, शिकणं, सगळं राजाच्या खर्चाने. प्रवेश पौर्णिमेपर्यंत. पौर्णिमा चार दिवसांवर होती.

घाटावरच्या सगळ्यांचेच हात धुण्याच्या खाराने फुटलेले. थंडीत भिवाला स्वतःची भाकरी मोडवत नसे. सगुणा पाला वाटून लावी. कधी गुण येई, कधी हात आणखी सुजत. असं का होतं, ते तिला कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

बापाने अटी ऐकल्या आणि तो हसला. म्हणाला, आपल्या घरात जर येते ती दुसऱ्याची, आणि तीही ओली.

सगुणा दोरीकडे बघत होती. दोरीवर महाराजांचा किरमिजी शेला वाळत होता, काठाला जरीचे मोर. त्या शेल्याची घडी घालायची नाही, असा कारभाऱ्यांचा कडक हुकूम होता. घडीवर जर तुटते. त्यामुळे भिवा आणि त्याची बायको दोन टोकं धरून, पालखी न्यावी तसा तो महालात पोचवत.

"बाबा," सगुणा म्हणाली, "उद्या शेला मी एकटी पोचवते."

कसा, ते तिने सांगितलं. महाराजांचं वस्त्र अंगावर घेणाऱ्याला किती फटके बसतात, ठाऊक आहे का, म्हणून भिवाने विचारलं. तिने आकडाही सांगितला.

दुसऱ्या दिवशी साध्या लुगड्यावर शेला पांघरून ती मागच्या दाराऐवजी थेट देवडीवर गेली. पहारेकऱ्याने मोर पाहिले आणि लवून मुजरा केला. याआधी त्याने तिला दोनशे वेळा तरी पाहिलं असेल, पण गाठोड्याखाली, मागच्या दाराकडे जाताना.

दरबारात तिने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, वैद्यशाळेचं सांगितलं. राजाला हुरूप आला. बऱ्याच दिवसांत कोणी सापडलं नव्हतं.

"असा शेला आमच्या मानकऱ्यांकडेही नाही," तो म्हणाला. "आणि हा पांघरणारी गरजू?"

"शेला माझा नाही, महाराज."

"मग कोणाचा?"

"ते मी सांगणं बरं दिसत नाही. कारभाऱ्यांनी पदराचा कोपरा उलटून बघावा. तिथे बिब्ब्याची खूण आहे."

परीट घराघराच्या कपड्यांना बिब्ब्याने वेगवेगळी खूण करतात. कितीही धुवा, जात नाही. त्र्यंबकरावांनी कोपरा उलटला. तीन ठिपके, वर चंद्रकोर. त्यांचा चेहरा उतरला.

"महाराज, हा... आपलाच."

आमचं वस्त्र अंगावर घालायची हिंमत कशी झाली, म्हणून राजा गरजला.

"घातलं नाही, पोचवायला आणलंय," सगुणा म्हणाली. "घडी घालायची नाही, असा हुकूम आहे. एकट्या माणसाने न्यायचा, तर खांद्याशिवाय जागा कुठली? एक तरी घडी दाखवा."

कारभाऱ्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. घडी नव्हती.

राजा हट्टी होता, पण हुकूम त्याचाच होता. त्याने तिसरी अट काढली. तू गरजू आहेस, असं लिहून देणारा मानकरी कोण? मानकरी एकाएकी छताची नक्षी न्याहाळू लागले.

"मानकऱ्यांना कशाला त्रास?" सगुणा म्हणाली. "शेला कोणाचा, तेवढं महाराजांनीच लिहून द्यावं. माझ्या अंगावरची जर माझी नाही, याला त्याहून मोठा साक्षीदार कोण? आणि लिहून द्यायचं नसेल, तर शेला माझा ठरला. मग मी तो घेऊन घरी जाते."

राजा असा हसला की समयांच्या ज्योती हलल्या. त्याने कागद मागवला, शेला आपला आणि मुलगी गरजू, असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि शिक्का उमटवला. वर म्हणाला, शेलाही ठेव, बक्षीस!

सगुणा दोन पावलं मागे सरली. तिने शेला खांद्यावरून उतरवला आणि घडी न पडू देता दोन्ही हातांवर पसरून पुढे धरला.

"नको, महाराज. हा माझा झाला, तर मी गरजू राहत नाही. उद्या वेतन काढून घ्याल."

आता मानकरीही हसले, यावेळी मनापासून. राजाने डोळे पुसत जरीची अट रद्द केली आणि जाहिरात घाटावर लावायचा हुकूम सोडला.

त्र्यंबकराव हळूच म्हणाले, "महाराज, ते कापड अजून भिवाच्या दोरीवरच वाळतंय."

"मग आता ते तिथून काढू नका!" राजा म्हणाला.