बांधातली बाई

“पण ती बाई होती तरी कोण?”

प्रणोतीने चपला काढता काढताच विचारलं. दंडवत घालायचं राहूनच गेलं.

टेकडीवरच्या मठाच्या ओसरीवर तिथल्या साध्वी उमाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणती बाई?”

“तुमच्या गोष्टीतली. बांध फुटला तेव्हा भगदाडात बसलेली. मला तिचं नाव हवंय. आजच.”

“बस.”

“बसायला वेळ नाही, उमाई.”

“मग उभ्यानं सोल.” उमाईंनी ओंजळभर शेंगा तिच्यापुढे धरल्या.

प्रणोती बसली.

ती हिवरतळ्याची सरपंच. समाजकार्यात एम.ए. झालेली, आणि गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांवर वैतागलेली. ओढ्यावर दगडी बांध घालायचा हे तिने निवडून येतानाच ठरवलं होतं. पाणी वाहतंय तोवर अडवलं तर विहिरी उन्हाळाभर जगतील, नाहीतर पुन्हा टँकर. तिने सभेत नकाशे लावले, पडद्यावर आकडे दाखवले. लोकांनी चहा घेतला आणि घरी गेले.

तेव्हाही ती अशीच तणतणत ही टेकडी चढून आली होती. उमाईंनी तिला उपदेश केला नाही. एक गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी पुरात बांध फुटला, माणसं काठावर एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली, आणि एक बाई डोक्यावरचा मातीनं भरलेला वेताचा हारा भगदाडात टाकून त्याला पाठ लावून बसली.

“एवढंच?” प्रणोतीने विचारलं होतं.

“एवढंच.”

पुढच्या सभेत तिने ती गोष्ट सांगून टाकली. तिचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं पहारी घेऊन ओढ्यात उतरली होती.

आणि आता कालपासून काम बंद.

“बंद का पडलं?” उमाईंनी विचारलं.

“वरची आळी म्हणते, ती बाई म्हणजे आमची पारूआजी. धनगरवाडा म्हणतो, हारा कसला, तिनं घोंगडं टाकलं होतं, म्हणजे बाई आमची. मोमीन गल्लीतले हमीदाबींचं नाव घेतात. सुलेमानचाचा तर शपथेवर सांगतात, मी या डोळ्यांनी पाहिलंय.”

“त्याला दिसत होतं का तेव्हा?”

“त्यांना आत्ताही दिसत नाही.”

उमाई हसल्या.

“हसू नका. परवापर्यंत हे भांडण मला चालत होतं. ज्याची आजी त्याचा दगड मोठा, अशी चढाओढ लागली होती. मला वाटलं, चला, कामाला लागलेत ना…” प्रणोतीने शेंग उलटी धरली, दाणे ओसरीभर उडाले. “मग मी म्हटलं, बांधावर एक शिळा बसवू. त्या बाईचं नाव कोरू. मान राहील तिचा.”

उमाई एकेक दाणा वेचू लागल्या.

“गवंड्यानं विचारलं, मॅडम, नाव काय घालू? झालं. सगळ्यांनी पहारी खाली ठेवल्या. आमच्या आजीचं नाव नसेल तर आमचा दगडही नाही. मधे गाडी जाईल एवढं खिंडार राहिलंय आणि त्यातून सगळं पाणी चाललंय. संध्याकाळी सभा आहे. खरं नाव सांगितलं नाही तर…”

“आणि सांगितलंस तर?”

“तर एक आळी थांबेल. बाकीच्या उठून जातील.”

ती थबकली. हे तिने आतापर्यंत मोठ्याने म्हटलं नव्हतं.

“पण खरं ते खरं. काहीतरी खरं असेलच की त्यात.”

…

“माझ्या गुरूंनी मला सांगितली,” उमाई म्हणाल्या, “तेव्हा तो बाप्या होता.”

“कोण?”

“भगदाडात बसलेला.”

“मग त्याची बाई कुणी केली?”

“मी.”

“का?”

“बाप्ये काठावर उभे राहतात, एवढं पाहिलं होतं मी.”

प्रणोतीच्या कानशिलांपर्यंत राग चढला. एम.ए.ला शिकवणारे बरे होते. चुकीचं असलं तरी छापील तरी सांगायचे.

“म्हणजे तुम्ही मला खोटी गोष्ट दिलीत, आणि मी ती अख्ख्या गावापुढे… माझ्या शब्दावर उतरलीत माणसं पाण्यात, उमाई.”

“तू कशी सांगितलीस?”

“जशीच्या तशी. मला काही मीठमसाला लावायची सवय नाही.”

“सांग बघू.”

“आत्ता?”

उमाईंनी पुढची शेंग उचलली.

प्रणोतीने उसासा टाकला. “एक बाई होती. पाऊस थांबत नव्हता. बांध फुटला. सगळे काठावर. कुणी म्हणे पोती आणा, कुणी म्हणे पाटलाला बोलवा. एवढ्यात ती बाई आली. डोक्यावर हारा, कडेवर मूल…”

सोलणारा हात थांबला.

“मूल?”

“हो. मुलगी. कडेवर होती.”

“मी मूल सांगितलं नव्हतं.”

“होतं. मला पक्कं आठवतंय. त्या मुलीच्या एकाच पायात वाळा होता. दुसरा पडलेला. टँकरच्या रांगेत ढकलाढकली झाली तेव्हा…”

प्रणोती बोलायची थांबली.

“त्या काळी टँकर,” उमाई म्हणाल्या.

…

तो उरलेला वाळा अजून आईच्या डब्यात होता. दर उन्हाळ्यात आई तो काढून दाखवायची. एका हातानं घागर धरली होती, एका हातानं तू, वाळा कसा धरणार होते गं मी. प्रणोतीने हे सभेत कधी सांगितलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. आता आठवलं, ती सांगत असताना समोरच्या बाया माना हलवत होत्या, आणि एकीनं पदर डोळ्याला लावला होता.

“मग सगळेच खोटं बोलतोय का आम्ही?” तिचा आवाज खाली आला होता. “मी पण?”

उमाईंनी शेवटची शेंग सोलली.

“की सगळेच खरं… ते तरी कसं शक्य आहे? उमाई, मला काहीच कळेना झालंय. सभेत काय सांगू मी? शिळेवर कुणाचं नाव घालू?”

उमाईंनी मांडीवरची टरफलं झटकली.

“पाण्याला जोर होता?”

“कधी? … हो. होता.”

“ती पाठ लावून बसली.”

“बसली.”

“दोन्ही हात मागं रोवून.”

“तसंच बसावं लागलं असेल. पाणी ओसरेपर्यंत.”

उमाईंनी आपले रिकामे हात पुढे केले, कुणाचं लेकरू घ्यायला करतात तसे, आणि तसेच धरून ठेवले.

“सभेत एवढंच विचार. मग मूल काठावर कुणाकडं दिलं तिनं?”