निसटलेली पाती

त्या राज्यात घर आणि धन या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. पाणथळीवर कललेल्या बाभळीवर विणकर पक्ष्यांची वस्ती होती. ज्याने जेवढी गवताची पाती घरट्यात विणली, तेवढीच त्याची मिळकत. दुसऱ्याकडे पातं मागणं तिथे मरणाहून लाजिरवाणं. गळून पडलेलं पातं मात्र ज्याच्या घरट्यावर अडकेल त्याचं, असा जुना रिवाज होता. पण विणकरांच्या चोचीतून पातं सहसा गळत नसे.

केसरूचं घरटं सगळ्यात खालच्या फांदीला होतं. त्या दिवशी तो लेकीला, ठिपकीला, पहिली गाठ शिकवत होता. गाठ बसेना. पातं नुसतं धरूनच पोर दमली, आणि मिटलेल्या डोळ्यांनी कलंडली. तळ्यापलीकडच्या वैद्य करकोच्याने तिला तपासलं आणि आपली लांब मान खाली घातली.

"रक्तात काळं बी रुजलंय. उपाय आहे, पण लांबचा. दर खेपेला पाती लागतील. माझी औषधीसुद्धा डोंगरापलीकडून येते, बाबा."

गवत तेव्हा वाळून गेलं होतं. केसरूने आधी घरट्याचं दार उसवलं, मग भिंत. शेजारी विचारत, "काय रे, डागडुजी काढलीस?"

"हो, जरा हवा खेळावी म्हणून."

भोकातून ठिपकीला आभाळ दिसे, ते तिला आवडेही. वारा सुटला की तिची आई रेशी त्या भोकाला पाठ लावून बसे.

एका सकाळी वरून एक पातं आलं आणि त्यांच्या दाराशी अडकलं. वर थोरली आत्या बसली होती. तिच्या चोचीतून आजवर काही निसटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"आत्या, तुझं पातं!"

"निसटलं मेलं. वय झालं आता."

"वर आणून देतो."

"रिवाज मोडतोस होय रे? मोठा आलाय! ठेव तिथंच."

दुसऱ्या दिवशी आत्याच्या सुनेची चोच घसरली. मग पलीकडच्या फांदीवरचा दाजी. त्याने केसरूशी वर्षभर अबोला धरला होता. त्याच्या चोचीतून तर अख्खी जुडीच सुटली.

"बघतोस काय? शिंक आली," तो खेकसला.

हळूहळू साऱ्या बाभळीला हा वेंधळेपणा जडला. केसरू वैद्याकडे पाती नेत राहिला. उरलेल्या पात्यांतून रेशीने भिंत पुन्हा विणली.

ठिपकी वाचली नाही. ती गेली त्या दुपारी बाहेर वादळ होतं. आत वारा नव्हता.

पुढे पाणथळ हिरवी झाली. विणकरांनी नवी पाती आणली, दारं लांबवली, पिल्लांसाठी झोके विणले. एकदा केसरूने किती तरी दिवसांनी मान वर केली. बाभळीवरच्या एकूण एक घरट्याला, त्याच्या घराकडच्या अंगाला, एकेक भोक होतं.

ते कुणीही विणून बुजवलं नव्हतं.