डावखुऱ्या साहेबांचा किल्ला

"मग खून कुणी केला, सांगू का बाबा?"

फौजदार भुजंगराव दर्ग्याच्या ओट्यावर नीट टेकलेही नव्हते. मदारबाबा फकीर सकाळच्या उन्हात आपलं मुंडासं वाळत घालत होते. धुऊन धुऊन विरलेलं, आरपार दिसावं असं.

आदल्या संध्याकाळी उरुसाच्या तंबूत सिनेमा झाला होता. साहेबाच्या मुलखातला, जुना, मुका. डोंगराएवढा दगडी किल्ला, भोवती धुकं, आत जेवायला बसलेले आठ गोरे. आणि ताटं उचलायच्या आत त्यातला एक पालथा पडलेला. तंबूच्या मधोमध पडदा टांगलेला, दोन्ही अंगांनी बघता यायचा. पुढं मातीत सगळं गाव. रयतेच्या मांडीला मांडी कशी लावायची, म्हणून भुजंगरावांनी पडद्यामागं ऐसपैस खुर्ची टाकून घेतली होती. बाबा पुढं होते, शेंगा फोडत.

भुजंगरावांचं म्हणणं, खुनी त्यांनी सुरुवातीलाच ओळखला. तोंड दिसलं नाही, नुसता सुरा धरलेला हात दिसला. बोटात लाल खड्याची अंगठी. ती त्या दाढीवाल्या डाक्टरची.

"आणि हात डावा," ते म्हणाले.

"डावा?"

"डावाच. तिथं सगळेच डावखुरे, बाबा. जेवतात डाव्यानं, एकमेकांचा हात धरून हलवतात तोही डावाच."

कुठल्या साहेबानं आजवर भुजंगरावांचा हात हातात घेतला नव्हता. साहेब कुठला हात देतात, ते त्यांना कुठून ठाऊक असणार.

बाबा म्हणाले, "मला उजवा दिसला."

भुजंगराव हसले. वय झालं, म्हणाले, डोळ्यांत औषध घाला. दर शुक्रवारी मी येतो, माणसाची पारख द्या म्हणतो, तुम्ही नुसतं थांबा म्हणता. आता कशाला थांबू? खाणीवरच्या मुकादमाचा खून झाला तो दोन दिवसांत उलगडला. न्हाव्यानं दुकानात दाढी करता करता आरशात बघितलं. रस्त्यापलीकडं घोंगडी पांघरलेला माणूस, वर उचललेला हात, त्यात सुरा. डाव्या हातात. अख्ख्या गावात डावखुरा एकच, दगड फोडणारा सिदू. दुपारी त्याला बेड्या घालून तालुक्याला धाडायचा.

"सिदू काय म्हणतो?"

"रडतो. सगळेच रडतात."

बाबा उठून चुलीपाशी गेले. मग त्यांनी चुलीतला विझलेला कोळसा घेतला, वाळलेल्या मुंडाशाचं टोक ओट्यावर पसरलं आणि त्यावर एक माणूस काढला. पोरं काढतात तसा. गोल डोकं, दोन डोळे, वर उचललेला हात, हातात सुरा.

कापड त्यांनी फौजदारासमोर धरलं.

"सुरा कुठल्या हातात?"

"उजव्या."

बाबांनी कापड उलटं केलं. कोळसा पलीकडून जसाच्या तसा दिसत होता.

"आता?"

"डाव्..."

भुजंगराव थांबले.

वाऱ्यानं कापड हललं. कोळशाचा माणूसही हलला.

"आरसा..." ते पुटपुटले. "न्हाव्याची पाठ होती रस्त्याकडं."



भुजंगरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. सिदूची बायको काल ठाण्याच्या पायरीशी दिवसभर बसून होती. तिला उठवायला त्यांनी शिपाई पाठवला होता. तेच आता डोळ्यांपुढं येत होतं.

"बाबा," ते हळू म्हणाले, "मला दिसतं तरी काय मग?"

बाबांनी मुंडासं झटकलं. कोळसा उडाला, थोडा राहिला. तसंच ते डोक्याला गुंडाळलं.

"आज संध्याकाळी तोच खेळ आहे," ते म्हणाले. "पुढं मातीत बसा... आणि येताना दोघं या, तुम्ही आणि सिदू."