कोल्हेसाहेबांनी पुरलेली कात

जंगलात कायदा नुकताच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. टिटवीची अंडी चोरीला गेली आणि आळ साळिंदरावर आला. सरकारी वकील कोल्हेसाहेबांना घरट्याजवळ सापाची ताजी कात सापडली. ती त्यांनी गुपचूप पुरून टाकली.

"साहेब, मी कंदमुळं खातो हो!" साळिंदर रडला.

"सगळे चोर हेच सांगतात."

सिंहाने साळिंदराला हद्दपार केलं. परक्या रानात तो बिचारा मेला.

पुढे टिटवीची अंडी पुन्हा गेली. मुंगसाने कात उकरून सिंहापुढे ठेवली.

"ही का लपवलीत?" सिंहाने कोल्हेसाहेबांना विचारलं.

"महाराज, सोपा खटला उगाच अवघड झाला असता."

सिंहाला ते पटलं. तेव्हापासून जंगलात कुणी तक्रारच करेना. गुन्हे संपले, म्हणून कोल्हेसाहेबांचा जाहीर सत्कार झाला.