चौथ्या पाटावरची खीर

“मग हे कुलूप घातलं कुणी, बुवा?”

यशोधनने लॅपटॉप निरंजनबुवांच्या पुढ्यात धरला. बुवांनी तिकडे पाहिलंही नाही. खिरीत वेलदोडा पुरेसा पडलाय का, ते बघत होते.

यशोधन नोकरी सोडून मठात आला होता, पण साहेबी काही मागे ठेवून आला नव्हता. विहिरीच्या पंपाला त्याने एक यंत्र जोडलं होतं. ब्राउझरमध्ये त्याचा आकड्यांचा पत्ता टाकला की पान उघडे, आणि खोलीत बसून पंप चालू-बंद करता येई. आज त्याच पत्त्यावर भलतंच पान आलं. वर पासवर्डही मागू लागलं!

“काल वीज गेली तेव्हा पंपघरात सिदराम एकटाच होता.”

“हं.”

“त्यानंच काहीतरी केलंय. सकाळी सगळ्यांसमोर विचारलं, तर नुसता खाली मान घालून उभा. काही केलं नसेल तर माणूस असा गप्प बसेल?”

बुवांनी आणखी दोन वेलदोडे कुटून खिरीत टाकले.

“संध्याकाळच्या आत त्याला मठाबाहेर काढा. नाहीतर मी निघतो.”

सिदराम अकरा वर्षं मठाची बाग राखत होता. त्याला दुसरं घर नव्हतं. यशोधनला हे पक्कं ठाऊक होतं. पण संशयाने एकदा डोक्यात ठाण मांडलं, की तिथे दयेला बसायला जागा कुठली!

बुवांनी खिरीचा द्रोण भरला.

“हा सिदरामला देऊन ये. मग बोलू.”

पंगत बसली होती. यशोधन तणतणत गेला, चौथ्या पाटापुढे द्रोण आदळला आणि तोंडही न बघता परतला.

“वा! पत्र द्यायला आलो, तर खीर मिळाली!” मागून आवाज आला. पाटावर पोस्टमन बसला होता.

यशोधन ओशाळला.

“काल सिदराम तिथंच बसला होता...”

“काल,” बुवा म्हणाले.

मठात कुणाचा पाट ठरलेला नसे. जो जसा येई, तसा बसे.

यशोधन थबकला... मग खाली बसून त्याने लॅपटॉप उघडला. आकडे पुसले. यंत्र जोडलं त्या दिवशी त्यानेच त्याला ‘विहीर’ असं नाव दिलं होतं; आकडा कुठलाही असो, ते नाव टाकलं की यंत्र सापडे. आकडे पाठ झाल्यावर ते नाव कधी वापरलंच नव्हतं. आता त्याने तेच टाइप केलं.

पान उघडलं. सगळं जसंच्या तसं होतं. वीज परत आल्यावर राउटरने आकडे नव्याने वाटले होते, आणि पंपाचा आकडा कार्यालयातल्या प्रिंटरकडे गेला होता. पासवर्ड मागत होता तो प्रिंटर.

यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी धीर करून तो बुवांपुढे आला.

“सिदरामनं काही केलं नव्हतं, बुवा. हे बघा, खात्री झाली माझी. राहू दे त्याला.”

बुवा दुसरा द्रोण भरत होते. त्यांचा हात थांबला.

“आणि ते पान उघडलं नसतं तर?”