पाचोळ्याची मळणी

एकदा एका मठात एक शिष्य राहत होता आणि त्याला स्वच्छतेचं भारी वेड होतं. मठासमोर हरळीची ऐसपैस हिरवळ होती. सायंकाळी वृद्ध गुरुजी तिथे बसून निरूपण करीत, गावातली थकलीभागली माणसं अनवाणी येऊन ऐकत. ही हिरवळ शिष्याने स्वतःच्या हाताने, एकेक ठोंब लावून वाढवलेली. तिच्यावर त्याचा जीव होता. कडेच्या करंजाचं किंवा बदामाचं पान पडलं रे पडलं की हा खराटा घेऊन धावलाच! गोळा केलेला पाचोळा तो रोज सकाळी कुंपणापाशी पेटवून देई.

तरी तीन वर्षांत हिरवळीला अवकळा आली. गवत पिवळं पडलं, मधे मधे टक्कल दिसू लागलं. माती इतकी कडक झाली की घातलेलं पाणी वरच्या वर ओढ्याकडे वाहून जाई. मठाला जागा देणारा व्यापारी एकदा आला, अंगठ्याने माती टोकरून म्हणाला, "गुरुजी, कशाला या गवताचे लाड? दिवाळी झाली की इथे फरशी घालून देतो. माझ्याकडून."

"आणि तोवर हिरवळ सावरली तर, शेटजी?"

"तर फरशी दुसरीकडे. पण सावरतेय कसली!"

शिष्याने हे सारं बाजूला उभं राहून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो दुप्पट जोराने झाडू लागला. दुसरं त्या बिचाऱ्याला येत तरी काय होतं?

फाल्गुनात पानगळ ऐन भरात आली, तेव्हा गुरुजींनी त्याच्या हातची काडेपेटी काढून घेतली. शेजारच्या शेतकऱ्याचं खळं जोंधळ्याची रास उचलल्याने मोकळं झालं होतं. गुरुजींनी सगळा पाचोळा तिथे पसरायला लावला, बैल जुंपले आणि मळणी सुरू केली. पाचोळ्याची मळणी! गाव बघायला लोटलं.

"गुरुजी, दाणे किती निघतील हो?" एकाने विचारलंच. हशा पिकला. शिष्य शरमेने अर्धमेला झाला.

संध्याकाळी तो चुरा गुरुजी स्वतः हिरवळीवर विस्कटू लागले, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. "गुरुजी, मी इतकी वर्षं झाडलेल्या जागेवर तुम्ही कचरा टाकताय!"

गुरुजी हसले. "अरे, रानात कोण झाडायला जातं? तिथली माती कधी उपाशी दिसली तुला? झाड मातीतून जे घेतं, त्यातलं पुष्कळसं पानांवाटे परत करतं. तू ते मधेच अडवून जाळत आलास. तुला जी घाण वाटते, ते गांडुळांचं जेवण आहे. ती जेवली की माती भुसभुशीत होते, पाणी धरते. मात्र अख्ख्या पानांचा जाड थर दिलास, तर खाली गवत उन्हावाचून गुदमरेल. म्हणून हा चुरा, आणि तोही गवताची पाती वर दिसतील इतकाच. आता पाणी शिंपडत जा आणि धीर धर."

शिष्याने ऐकलं, पण नाइलाजाने. वैशाख सरला तरी काही दिसेना. आषाढात पाणी ओढ्याकडे धावायचं थांबलं. श्रावणात एका पहाटे गवताच्या मुळाशी गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसल्या आणि हा गडी मठभर ओरडत सुटला.

दिवाळी झाली. शब्दाप्रमाणे व्यापारी फरशीच्या गाड्या घेऊन आला. त्याने दारातूनच गवंड्याला खूण करायला सांगितलं. गवंड्याने पहार मारली, ती वीतभर सहज आत गेली. बाहेर आली ती काळीशार, ओलसर माती घेऊन. गवंडी म्हणाला, "शेटजी, असल्या मातीवर फरशी घालायला माझा हात धजायचा नाही."

व्यापाऱ्याने जोडे काढले आणि त्या दाट, थंड हिरवळीवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला तो हसतच. "गाड्या फिरवा!" तो ओरडला. जमलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा आरोळ्या ठोकल्या. "कोणी केलं हे?" त्याने विचारलं. गुरुजींनी शिष्याला पुढे ढकललं.

शिष्याचा ऊर आनंदाने भरून आला होता. तो सर्वांदेखत म्हणाला, "शेटजी, हिला मीच उपाशी ठेवलं होतं. तीन वर्षं मी हिच्या तोंडचा घास जाळला, आणि त्याला सेवा म्हणत होतो."

कोणी हसलं नाही. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आपल्या अंगणात कोणी पाचोळ्याला काडी लावत असेल, तर त्याचा हात धरायला हरकत नाही. मग तो हात आपलाच का असेना.